उंच दात्यांना भुलू नकोस

कॅनडाला, रेव्हलस्टोकला निघालायस ना, मग नाशकातच हे ऐकून जा. डोंगरातल्या स्नोमोबाइलला, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या गाडीला, चाकांऐवजी खाली फिरणारा रबरी पट्टा असतो; तो १५४-१५५ इंच लांबीचा आणि त्यावरचे बर्फ पकडणारे दाते अडीच इंच उंचीचे घे. पहिल्या हंगामाला पुरे. १६५ इंची, तीन इंच दात्यांचा पट्टा भुसभुशीत खोल बर्फात तरंगतो खरा, पण वळायला जड आणि इंजिनची ताकद खातो. त्यात घट्ट दाबलेल्या रस्त्यावर उंच दाते मुडपतात, शिवाय गार करायला मोकळा बर्फ उडत नसला की इंजिन तापतं. इगतपुरीच्या भातातली केजव्हील, ट्रॅक्टरची ती चिखलातली लोखंडी जाळीची चाकं, कोणी डांबरावर पळवतं का? मी मात्र तसा पट्टा पळवला होता. दात्यांचे तुकडे गोळा केले. तुझं वजन शंभराच्या वर असेल, तर लांब पट्ट्याचा विचार कर.