दोन इन्व्हर्टर एकत्र जोडताना

‘जोडू का?’ हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत सारखा येतोय, म्हणून निवडक उत्तरं एकत्र देतोय.

प्र. लोड वाढला की आमच्या मायक्रोग्रिडची (छोट्या स्थानिक वीजजाळ्याची) फ्रिक्वेन्सी 49.6 हर्ट्झवर येते. बिघाड आहे का?

नाही. ड्रूप कंट्रोल, म्हणजे लोड वाढेल तशी इन्व्हर्टरने स्वतःच फ्रिक्वेन्सी थोडी उतरवायची पद्धत, असेल तर ती उतरायलाच हवी.

प्र. वेगळ्या कंपन्यांचे दोन इन्व्हर्टर आहेत, दोन्ही 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. विक्रेता म्हणतो, फेजला फेज, न्यूट्रलला न्यूट्रल जोडा. जोडू?

अजिबात नको. मीटर दोन्हीकडे 230 दाखवतो, पण त्या क्षणी लाट कुठे आहे ते सांगत नाही. कोनात एका अंशाचा फरक धरा, म्हणजे वेळेत जेमतेम 56 मायक्रोसेकंद. तेवढ्यानेही दोन आउटपुटांमध्ये 4 व्होल्टचा फरक पडतो. मधल्या तारांचा इम्पीडन्स (करंटला होणारा विरोध) 0.1 ओहम असेल, तर 40 अँपिअर एकातून दुसऱ्यात नुसते फिरतात, तेही एक दिवासुद्धा लावलेला नसताना! शिवाय दोघांची घड्याळं स्वतंत्र, त्यामुळे हा कोन वाढतच जातो. करंट उलटा डीसी बाजूला शिरला की तिथला व्होल्टेज चढतो आणि आयजीबीटी (आतले इलेक्ट्रॉनिक स्विच) उडतात.

चांदोरकर, दिवाण आणि अदपा या संशोधकांनी 1993 मध्येच दाखवलं, की आपापलं आउटपुट मोजून इन्व्हर्टर मधल्या सिग्नलच्या तारेशिवायही लोड वाटून घेऊ शकतात. पण ही ड्रूपची सोय दोघांच्याही कंट्रोलमध्ये असावी लागते. खोक्यावरच्या ‘पॅरलल सपोर्ट’चा अर्थ बहुतेकदा ‘याच मॉडेलचे, कम्युनिकेशन केबलने जोडलेले’ एवढाच असतो. दोन्ही मॅन्युअल घेऊन तज्ज्ञाला भेटा, तोवर तारा वेगळ्याच ठेवा.

प्र. ड्रूपवर चालणाऱ्या 5 आणि 10 किलोवॉटच्या जोडीत छोटा आधी ट्रिप होतो.

दोघांना सारखाच उतार (किलोवॉटमागे फ्रिक्वेन्सी किती उतरवायची ते) दिलेला दिसतो, म्हणून दोघं सारखाच लोड उचलतात. पूर्ण लोडला 1 हर्ट्झ उतरायचं असेल, तर छोट्याला किलोवॉटमागे 0.2 आणि मोठ्याला 0.1 हर्ट्झ हवा. सेटिंग मात्र कमिशनिंग इंजिनिअरकडूनच बदलून घ्या.

प्र. किलोवॉट नीट वाटले जातात, रिअॅक्टिव्ह पॉवर (काम न करता नुसती ये-जा करणारी) का नाही?

ड्रूपमध्ये किलोवॉट फ्रिक्वेन्सीवरून वाटले जातात, रिअॅक्टिव्ह पॉवर व्होल्टेजवरून. स्थिरावल्यावर फ्रिक्वेन्सी सगळीकडे एकच असते, व्होल्टेज मात्र केबलच्या लांबीप्रमाणे बदलतो. उपाय व्हर्च्युअल इम्पीडन्सचा, म्हणजे कंट्रोलने भासवलेल्या इम्पीडन्सचा. त्याचं मूल्य केबल मोजूनच ठरवावं लागतं, अंदाजाने नाही.

प्र. ग्रिड गेली की ऊन असूनही सोलर इन्व्हर्टर बंद पडतो. कुणी सांगितलं, अँटी-आयलँडिंग (ग्रिड गेली की इन्व्हर्टर आपोआप थांबवणारी सुरक्षा) बंद करा.

करू नका! लाइन बंद आहे असं समजून कुणी खांबावर चढलेलं असेल. ग्रिडशिवाय चालवायचं असेल, तर ग्रिड-फॉर्मिंग (स्वतःच व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी ठरवणारा) इन्व्हर्टर आणि ग्रिडपासून तोडणारा स्विच लागतो. त्याची आखणी वीज कंपनीला विचारूनच करा.