प्रवासात इन्सुलिन गार कसं ठेवायचं?

प्रश्न : मे महिन्यात आईला घेऊन नाशिकरोडहून ट्रेनने नागपूरला जायचंय, तिचं इन्सुलिन बर्फात ठेवून न्यायचं का? – एक वाचक, सिडको

उत्तर : ताई, बर्फाला डायरेक्ट चिकटवून अजिबात नका नेऊ, इन्सुलिन एकदा गोठलं की ते कामातून गेलं, परत वितळलं, दिसायला चांगलं असलं तरी टाकूनच द्यायचं. न उघडलेलं २ ते ८ डिग्रीला लागतं, म्हणून आईसपॅक टॉवेलमध्ये नीट गुंडाळा, इन्सुलिनचं पेन (टोचायचं पेनासारखं साधन) वेगळ्या डब्यात ठेवा आणि मग दोन्ही इन्सुलेटेड बॅगेत. चालू असलेलं पेन मात्र बहुतेक वेळा साध्या तापमानाला साधारण ४ आठवडे चालतं, पण ३० डिग्रीच्या आत हं, आणि मेमधल्या विदर्भात ते कुठलं मिळायला! त्यासाठी ओल्या कपड्याची पिशवी वापरा, पाणी उडतं तसं आतलं गार राहतं, माठासारखंच, फक्त हवा लागू द्या. नेमकी मर्यादा खोक्यावर वाचा, प्रत्येक ब्रँडची वेगळी असते. स्टेशनला जाताना बंद गाडीत उन्हात पाच मिनिटंही ठेवू नका, बॅग आईच्या हाताशीच असू द्या. आणि नेहमी पाण्यासारखं स्वच्छ असणारं इन्सुलिन गढूळ दिसलं तर टोचू नका, लगेच नवीन घ्या.