ग्रुप राइडमध्ये ट्राइकची जागा कुठली?

तुमची अडचण थोडक्यात अशी: गुडघ्याच्या त्रासामुळे दुचाकी सोडून ट्राइक, म्हणजे तीन चाकांची मोटरसायकल, घेतली, जुन्याच गटाबरोबर निघालात, पहिल्या राइडला सगळ्यांसारखी झिगझॅग रांगेत (एक जण लेनच्या उजव्या अर्ध्यात, त्याच्या मागचा डाव्या अर्ध्यात) जागा मिळाली, मागच्यांनी "रस्ता अडतो" अशी कुरकुर केली, दुसऱ्या वेळी अगदी शेवटी टाकलं आणि तिसऱ्या वेळी निरोपच आला नाही. वाचताना फार ओळखीचं वाटलं, म्हणून जरा लांब लिहितोय. हेल्मेट, जॅकेट, निघण्याआधीची टायर-तपासणी हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

तुमचा गट वाईट आहे असं मला वाटत नाही. घोटाळा पहिल्या राइडलाच झाला, आणि आमच्या गटालाही हीच चूक सगळ्यात महागात पडली होती: ट्राइकला दुचाकी समजून झिगझॅग रचनेत बसवणं. नव्या ट्राइकस्वाराला वेगळं दिसायचं नसतं, लीडला, म्हणजे सर्वांत पुढे राहून गट नेणाऱ्याला, भेदभाव करायचा नसतो, त्यामुळे दोघंही हो म्हणतात. मग दीड तासात सगळे वैतागतात आणि दोष माणसाच्या माथी येतो.

आकडे बघा. लेन साडेतीन मीटरची धरली तर झिगझॅगमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला अर्धी लेन, म्हणजे पावणेदोन मीटर येते. कॅन-ॲम स्पायडरसारखी, पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली गाडी साधारण दीड मीटर रुंद. दोन्ही बाजूंना उरले जेमतेम बारा-तेरा सेंटिमीटर. एक चाक सतत कडेच्या खडीवर, नाहीतर दुभाजकाच्या रेषेवर. मागचा दुचाकीस्वार एक सेकंदाच्या तिरक्या अंतरावर असतो. पुढच्याने जोरात ब्रेक मारला तर बाजूची अर्धी लेन आपल्याला मोकळी आहे या भरवशावरच तो इतका जवळ असतो. ट्राइकच्या मागे ती मोकळी बाजू नसते. त्यात या गाड्या तिन्ही चाकांवर ब्रेक लावतात, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) असतं, पडायची भीती नसते, म्हणून स्वार बिनधास्त पूर्ण ब्रेक दाबतो. मागच्याला वाटणारी धास्ती खरी आहे, फक्त त्याला तिचं कारण सांगता येत नाही, म्हणून तो "रस्ता अडतो" म्हणतो.

उपाय साधा आहे. वळणात न झुकणारी ट्राइक लेनच्या मधोमध चालेल, तिच्या पुढे दोन सेकंदांचं अंतर आणि मागे दोन सेकंद, पावसात मागे तीन. ट्राइकपाशी झिगझॅग तुटते आणि तिच्या मागे पुन्हा सुरू होते. "मग रांग फार लांबते" अशी तक्रार येईलच, तेव्हा हा हिशेब मांडा: आठ दुचाकी एकेक सेकंदाच्या अंतराने म्हणजे सात सेकंद, ताशी 60 किमीला सुमारे 117 मीटर. मधल्या एका दुचाकीच्या जागी ट्राइक आली तर नऊ सेकंद, 150 मीटर. फरक फक्त 33 मीटरचा. तीन ट्राइक असतील तर मात्र त्या विखरू नका, लागोपाठ ठेवा. विखुरल्या तर प्रत्येकीच्या पुढे-मागे दोन-दोन सेकंद जातात आणि रांग खरंच हाताबाहेर जाते.

इथे एक महत्त्वाचा अपवाद. झुकणाऱ्या तीनचाकींना हे लागू नाही. पियाजिओ एमपी3 (2006) किंवा यामाहा निकेन (2018) दुचाकीसारख्याच वळणात कलतात, निकेनच्या पुढच्या दोन चाकांत अंतर फक्त 410 मिलिमीटर. त्या झिगझॅगमध्ये नीट बसतात. "तीनचाकी मागे" असा सरसकट नियम करणाऱ्या गटाला दोन्हींतला फरक कळलेला नसतो. तुमची गाडी झुकते की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. रस्ता अडल्याची तक्रार आली, त्यावरून न झुकणारी धरतोय.

आता शेवटी टाकण्याबद्दल. बहुतेक गट ट्राइकला स्वीपच्या (गटाच्या शेवटी राहून सगळ्यांवर लक्ष ठेवणाऱ्याच्या) पुढे सर्वात मागे ठेवतात आणि त्याला सुरक्षित म्हणतात. माझं मत वेगळं आहे, पटलं नाही तर सोडून द्या. पाच-सात गाड्यांच्या गटात शेवटची जागा उत्तम. पंधरा-वीस गाड्यांच्या गटात ती सगळ्यात वाईट. लीड वळणाआधी वेग कमी करून बाहेर पडताना वाढवतो, मधला प्रत्येक जण थोडा थोडा उशीर करतो आणि रांग रबरासारखी ताणली जाते. तो सगळा ताण शेवटच्याच्या वाट्याला येतो. त्याला अंतर भरून काढायला सगळ्यांत जास्त वेगाने पळावं लागतं, आणि नेमकी तीच गाडी वळणात कलू शकत नाही. मोठ्या गटात ट्राइक थेट लीडच्या मागे ठेवा. मग गटाचा वळणांतला वेग आपोआप तिच्या बेताचा राहतो. ज्यांना तो कमी वाटतो त्यांचा वेगळा गट आधी सोडावा, त्यात अपमान कुणाचाच नाही. रांगेच्या मधोमध ठेवणंही मला पसंत नाही, कारण सिग्नलवर ट्राइक वाहनांच्या फटीतून पुढे जाऊ शकत नाही आणि गट बरोबर तिच्यापाशी तुटतो. शहरातून जायचंच असेल तर प्रत्येक फाट्यावर एक जण थांबून वाट दाखवेल असं आधी ठरवा, म्हणजे गट तुटला तरी कुणी चुकणार नाही.

लीडशी निघण्याआधी स्वतः बोला. दोन-तीन गोष्टी त्याच्या लक्षात येणं शक्यच नसतं. पहिली, लेनच्या मधोमध पडलेला दगड किंवा तेलाचा ओघळ दुचाकीस्वार हाताने दाखवत नाही, कारण त्यांच्यापैकी कुणाचंच चाक तिथून जात नाही. ट्राइकचं तिसरं चाक मात्र बरोबर तिथूनच जातं. खड्डा दोन चाकांच्या मध्ये घ्यायला जावं तर तो तिसऱ्याला सापडतो. म्हणून "मधलंही दाखव" असं स्पष्ट सांगा. सिग्नल आणि टोल नाक्यांवर लेनच्या मध्यावर तेल गळलेलं असतं, पावसात तिथे मागचं रुंद चाक घसरतं.

दुसरी, इशारे. दुचाकीवाले उजवीकडचा धोका उजवा पाय काढून दाखवतात. स्पायडर आणि त्याच कंपनीच्या रायकरला हाताचा ब्रेकच नाही, तिन्ही चाकांचा ब्रेक उजव्या पायाच्या एकाच पेडलवर आहे. तो पाय काढू नका. उजवीकडचा धोकाही डाव्या हाताने, हेल्मेटवरून पलीकडे बोट करून दाखवा. वळणात तोही हात काढू नका. न झुकणाऱ्या गाडीचं हँडल प्रत्यक्ष वळवून धरावं लागतं, एक हात सुटला की ती भरकटते. "हा इशारे पुढे देत नाही" अशी तक्रार याच कारणाने होते, म्हणून तुमच्या मागच्या स्वाराला आधीच सांगून ठेवा: वळणात माझ्याकडून इशारा येणार नाही, सरळ रस्ता लागल्यावर येईल.

तिसरी, वळणाआधीचा ब्रेक. पुढे दोन चाकं असलेली गाडी वळणात ब्रेक मारला तरी बऱ्यापैकी तग धरते, कारण वजन रुंद बाजूकडे सरकतं. तिला त्रास होतो तो वळणात जोरात थ्रॉटल दिल्यावर. मागे दोन चाकं असलेल्या गाडीचं, उदाहरणार्थ हार्ले ट्राय ग्लाइड किंवा दुचाकीला मागचा ॲक्सल बसवून केलेली ट्राइक, नेमकं उलट: वळणात ब्रेक मारला की वजन एकट्या पुढच्या चाकाकडे जातं आणि आतलं मागचं चाक उचलू पाहतं. लीडने वळणात शिरून उशिरा वेग कमी केला तर त्याच्या मागच्या ट्राइकला नेमका तिथेच ब्रेक मारावा लागतो. त्याने वेग वळणाआधीच उतरवावा, आणि ब्रेक न लावता नुसता थ्रॉटल सोडून, इंजिन ब्रेकिंगने उतरवत असेल तर ब्रेकला हलका स्पर्श करून दिवा दाखवावा. साइडकारवाला (दुचाकीच्या एका बाजूला चाकाची बैठक जोडलेला) गटात असेल तर त्याची डावी-उजवी वळणं सारखी नसतात. साइडकारच्या बाजूला वळताना साइडकार वर उचलली जाते, रिकामी असेल तर जास्तच.

हे सगळं तोंडी सांगून कुणाला पटत नाही. चार-पाच जण घेऊन मोकळ्या रस्त्यावर तीस-चाळीस किलोमीटरची एक राइड करा. सुरक्षित जागी ताशी 50 वरून एकेकाने थांबून दाखवा, तुमची गाडी किती अंतरात थांबते ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहू दे. तुमच्या गाडीला मागची सीट असेल तर लीडला दहा किलोमीटर मागे बसवा. पहिल्याच वळणात अंग बाहेर फेकलं गेलं की त्याला कळतं तुम्ही वळणात हळू का होता. इतका परिणाम दुसऱ्या कशानेच होत नाही.

गुडघ्याबद्दल कुणाला सांगायचं की नाही हा सर्वस्वी तुमचा प्रश्न. मला मनापासून चीड येते ती "दुचाकी झेपत नाही म्हणून घेतली का?" असं सगळ्यांदेखत विचारणाऱ्यांची. कुणाचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणाच्या कानाच्या दोषामुळे तोल जातो, कुणाला ती गाडी फक्त आवडते. गटाला कळायला हवं ते एवढंच: गाडी किती रुंद, कशी थांबते, वळणात कशी चालते. वैद्यकीय इतिहास मागायचा हक्क कुणालाच नाही.

मोठ्या, नोंदणी लागणाऱ्या राइडला जाणार असाल तर कागदाचं बघा. एका आयोजकांच्या कचेरीने तोंडी "चालेल की" म्हटलं, अर्जावर दुचाकी आणि चारचाकी एवढेच दोन रकाने होते, आणि सुटायच्या वेळी तीनचाकी मदतीच्या मोटारींच्या रांगेत पाठवली. पैसे भरलेले, दाद कुणाकडे मागणार? त्यामुळे नोंदणीपुस्तकात छापलेला वाहनप्रकार जसाच्या तसा, सोबत रुंदी, वजन आणि रिव्हर्स गिअर आहे की नाही, हे लिहून पाठवा आणि लेखी होकार मागा. विम्याच्या कागदावरही तोच प्रकार हवा. हा प्रकार नुसता गाडी बघून ओळखता येत नाही: युरोपीय नियमांत पुढच्या दोन चाकांमधलं अंतर 460 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ती दोन चाकं एकच धरली जातात, त्यामुळे दिसायला जवळपास सारख्या दोन गाड्या कागदावर वेगळ्या निघतात. तुमच्याकडचा नियम तुम्हीच तपासा, मी कायद्याचा जाणकार नाही. फेरीबोट असेल तर जागा मोटारीची धरा.

थांब्यांचं थोडक्यात. दुचाकी तिरक्या ओळीत लागतात, तिथे ट्राइक घुसवू नका, टोकाची जागा आधीच मागून ठेवा. उतारावर पार्किंग ब्रेक विसरू नका, साइड स्टँडची सवय असलेला माणूस हमखास विसरतो. मागे दोन चाकं असतील तर थांबताना पाय जमिनीवर टेकवायची जुनी सवय मोडा, मागचं चाक टाचेवरून जातं.

आणि टायरची हवा. स्पायडरच्या पुढच्या टायरला साधारण 15 ते 20 पीएसआय आणि मागच्याला 28 च्या आसपास लागते, नक्की आकडा पुस्तिकेत किंवा गाडीवरच्या पट्टीवर बघा. टायर मोटारीसारखे दिसतात म्हणून हवा भरणारा तिन्ही चाकांत 32 भरून मोकळा होतो. मग गाडी सरळ रस्त्यावरही इकडेतिकडे ओढते, मागचा टायर मधल्या पट्ट्यातच झिजतो आणि मागून येणारे म्हणतात, याला चालवताच येत नाही. साधा गेज जवळ ठेवा आणि सकाळी टायर गार असतानाच मोजा.