अल्टो सॅक्सोफोनचा आवाज चिरका येतो, मेटलचा माउथपीस घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की दीड वर्षापासून अल्टो वाजवताय, यामाहा ४सी माउथपीस (तोंडात धरायचा भाग) आणि अडीच नंबरची रीड (त्यावर बांधायची, फुंकेने थरथरणारी पातळ पट्टी) आहे, आवाज चिरका येतो आणि तुम्हाला हिंदी चित्रपटसंगीतातले सॅक्सोफोनवादक मनोहारी सिंग यांच्यासारखा भरदार, गोड आवाज हवाय.

इतक्यात मेटल घेऊ नका. मी ते करून बसलोय. ऑर्केस्ट्रात वाजवायला लागलो तेव्हा कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडपुढे माझा सॅक्स कुणाला ऐकूच जायचा नाही. म्हणून एक मेटलचा पीस घेतला. दुकानात पाच मिनिटं फुंकला, आवाज असा खणखणीत आला की लगेच पैसे मोजले. घरी आल्यावर कळलं की खालचे सूर लागायलाच तयार नाहीत आणि हळू वाजवायला गेलं की नुसती हवा सुटते. पुढच्या तालमीला आमचा ढोलकीवाला म्हणाला, "हा सॅक्स आहे की रिक्षाचा भोंगा?"

पण दोष धातूचा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. माउथपीस टोकाकडून उजेडात धरून आत पाहा. रीडच्या समोर जो उतार दिसतो, तो बॅफल. तो उंच, म्हणजे रीडला जवळ असला की आवाज उजळ, टोकदार आणि मोठा येतो. उतार खोल असेल आणि त्यामागची पोकळी, म्हणजे चेंबर, मोठी असेल तर आवाज गोल आणि मऊ होतो. मेटलचे बरेच पीस उंच बॅफलचे असतात, म्हणून 'मेटल म्हणजे कर्कश' असा समज झालाय. पण ऑटो लिंक कंपनीचा टेनर सॅक्ससाठीचा (अल्टोपेक्षा मोठा, खालच्या सुरांचा) मेटलचा पीस चांगला मऊ बोलतो. जॅझचा मोठा सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर १९५३ साली टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये चक्क प्लॅस्टिकचा अल्टो घेऊन वाजवायला उभा राहिला होता, आणि वाजला तो पार्करच.

आता तुमच्या चिरक्या आवाजाचं. फक्त माउथपीस हातात घ्या, नेक (माउथपीस ज्यावर बसतो ती वरची वाकडी नळी) नको, आणि नेहमीसारखी फुंक मारा. समोर मोबाइलवर ट्यूनर, म्हणजे कुठला सूर लागलाय ते दाखवणारं ॲप, चालू ठेवा. अल्टोला त्यावर साधारण 'ए' दिसायला हवा. 'बी फ्लॅट' किंवा त्याच्याही वर काटा जात असेल तर तुम्ही खालच्या ओठाने रीड चावताय. असं असेल तर कुठलाही माउथपीस आणा, आवाज चिरकाच येणार. जबडा सैल सोडून रोज दहा मिनिटं तो 'ए' धरा. महिनाभरात फरक कळतो आणि पैसेही वाचतात.

एवढं करूनही बदलावंसं वाटलं, तर पुढचं वाचा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पिसांवरचे नंबर एकमेकांशी जुळत नाहीत. यामाहा ४सीची टीप, म्हणजे रीडचं टोक आणि पिसाचं टोक यांतली फट, १.६० मिमी. सेल्मर एस८० सी स्टारची १.७०, मायर ५ची सुमारे १.८०. म्हणजे तुमच्या ४सी आणि मायर ५मध्ये वहीच्या दोन कागदांइतकाच फरक, पण ओठाला तो पहिल्या फुंकेतच जाणवतो. फट वाढली की मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) काढायला मोकळीक मिळते, दम जास्त लागतो आणि रीड सहसा हलकी, म्हणजे कमी नंबरची, घ्यावी लागते. हे विसरून लोक आपली जुनी, एका पिसावर मुरलेली रीड दुसऱ्यावर चढवतात आणि 'हा पीस बेकार' म्हणून मोकळे होतात. प्रत्येक पिसासाठी दोन-तीन वेगवेगळ्या नंबरच्या नव्या रीड घेऊन बसा. पावसाळ्यात तर आधी रीडचं टोक ओलीने लाटेसारखं वेडंवाकडं झालंय का ते बघा.

तुलना करताना आधी प्रत्येक पीस सुरात आणा. मोठ्या चेंबरचा पीस नेकच्या कॉर्कवर जास्त आत ढकलावा लागतो. तसं न करता वाजवलं तर उतरलेला सूरच आपल्याला 'गोड' वाटतो. आणि स्वतःच्या कानावर फार विसंबू नका. वरचे दात पिसावर टेकलेले असतात, त्यामुळे आवाजाचा बराचसा भाग हाडांतून थेट कानात जातो. दहा फुटांवर मोबाइल ठेवा. एक लांब खालचा सूर, एक मींड आणि पाठ असलेल्या गाण्याचा मुखडा, एवढंच वाजवा. प्रत्येक पिसावर तेच. नावं न सांगता घरच्या कुणाला तरी ऐकवा.

जुना पीस मिळत असेल तर टोकावर नखाने चरा चाचपा. टोकावर बारीकसा टवका असला तरी सोडून द्या. रीड बांधा, मागचं तोंड तळहाताने बंद करा, हवा ओढून घ्या आणि तोंडातून काढा. रीड क्षणभर चिकटून मग 'पट्' करून सुटली तर पीस ठीक. काळा एबोनाइट (कडक रबर) हिरवट-तपकिरी दिसत असेल आणि गंधकाचा वास येत असेल, तर आधीच्या मालकाने तो उन्हात ठेवलाय किंवा गरम पाण्याने धुतलाय. माझा पहिला पीस मीच असा घालवला. तसा पीस वाजतो, पण तोंडात धरवत नाही.

माझं मत विचाराल तर तुमच्या पसंतीच्या आवाजासाठी एबोनाइटचा, मध्यम चेंबरचा मायर ५ आधी वाजवून पाहा. मात्र जो पीस वाजवून पाहाल, नेमका तोच विकत घ्या. एकाच नंबरचे दोन पीससुद्धा हुबेहूब सारखे निघत नाहीत. ४सी विकू नका. मीही हल्ली मायरच वाजवतो, पण मुलीला डोळे मिटून बसवलं तेव्हा तिने तीनपैकी दोनदा ४सी निवडला होता.