'हिस्टेरिया' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर यायला जवळपास वर्ष का लागलं?

तुमचा प्रश्न असा: डेफ लेपर्ड या ब्रिटिश रॉक बँडचा 'हिस्टेरिया' अल्बम आला ऑगस्ट 1987 मध्ये, मग अमेरिकेत तो पहिल्या क्रमांकावर थेट जुलै 1988 मध्ये कसा? आणि त्यातल्या गिटारी इतक्या गुळगुळीत का वाजतात?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. गाणी तीच होती, सिंगल्सचा, म्हणजे अल्बममधून सुटी काढलेल्या गाण्यांचा, क्रम चुकला. ब्रिटनमध्ये आधी 'ॲनिमल' काढलं, ते सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि अल्बम आल्या आल्या अव्वल ठरला. अमेरिकेत मात्र सुरुवात 'विमेन'ने केली. आधीचा 'पायरोमेनिया' 1983 चा. मधल्या चार वर्षांत पांगलेला हार्ड रॉकचा श्रोता आधी परत आणायचा, पॉप रेडिओचं नंतर बघू, असा हिशोब होता. 'विमेन' जड आणि संथ. हॉट 100 या अमेरिकेतल्या गाण्यांच्या क्रमवारीत 80 च्या वर सरकलंच नाही. मग 'ॲनिमल' 19 वर, 'हिस्टेरिया' 10 वर, आणि 1988 मध्ये 'पोर सम शुगर ऑन मी' थेट 2 वर. अल्बम वर चढला तो या गाण्याच्या जोरावर. गंमत म्हणजे हे गाणं सुचलं सगळ्यात शेवटी, बाकी अल्बम जवळजवळ तयार असताना. त्याचा पहिला व्हिडिओ बाजूला ठेवून अमेरिकेसाठी मैफलीतल्या चित्रीकरणाचा दुसरा केला, तो एमटीव्हीवर सतत दिसायचा. पाठोपाठ 'लव्ह बाइट्स' पहिल्या क्रमांकावर, 'आर्मगेडन इट' 3 वर. एकाच अल्बममधून सात सिंगल्स.

विक्रीचा आकडा वाचताना एक लक्षात ठेवा. अमेरिकेत एक प्लॅटिनम म्हणजे 10 लाख प्रती, आणि या अल्बमला 12 पट प्लॅटिनम आहे. पण त्या काळी हे प्रमाणपत्र दुकानांकडे गेलेल्या मालावर मिळायचं, गिऱ्हाइकाच्या हाती पडलेल्या प्रतींवर नाही. एवढी विक्री गरजेचीही होती: खर्च भरून काढायलाच 50 लाख प्रती खपायला हव्या होत्या, असं बँडचे लोक सांगत आले आहेत. खर्च वाढला तो असा: निर्माता म्हणून आधी जिम स्टाइनमन होता, ते काम टाकून द्यावं लागलं. 31 डिसेंबर 1984 ला ड्रमर रिक ॲलनचा डावा हात अपघातात गेला. पुढे तो डावीकडचे ठोके पायातल्या पेडल्सनी इलेक्ट्रॉनिक ड्रमवर वाजवायला शिकला. मग 'पायरोमेनिया'चा निर्माता मट लँग परतला, आणि त्याची पद्धत म्हणजे वेळखाऊपणाची कमाल.

आता गिटारी. नेहमीची रीत म्हणजे ॲम्प (गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र) मोठ्याने लावायचा आणि स्पीकरसमोर माईक ठेवायचा. इथे बराचसा भाग रॉकमनमधून थेट मिक्सरमध्ये घेतला. रॉकमन हा 'बॉस्टन' बँडच्या टॉम शोल्झने हेडफोनसाठी बनवलेला छोटा डबा. त्यात खोलीचा घुमारा नाही, स्पीकरचा गडगडाट नाही, आवाज आधीच दाबून एकसारखा केलेला. म्हणून थरावर थर चढवले तरी चिखल होत नाही. शिवाय काही कॉर्ड्स (एकत्र वाजणारे सूर) एकेक सूर वेगळा वाजवून रेकॉर्ड केले. कारण तांत्रिक आहे. डिस्टॉर्शनमधून, म्हणजे रॉक गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणाऱ्या प्रक्रियेतून, दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नको ते सूर तयार होतात, आणि तीन-चार सुरांच्या कॉर्डमध्ये ती खरखर वाढते. प्रत्येक सूर टेपच्या स्वतंत्र ट्रॅकवर घेऊन नंतर एकत्र केले की कॉर्ड स्वच्छ राहतो.

घरी हा आवाज काढताना लोक हमखास एकच चूक करतात: प्रत्येक थराला भरपूर गेन, म्हणजे डिस्टॉर्शन वाढवणारी पातळी. एकट्या गिटारला जेवढा गेन बरा वाटतो त्याच्या निम्म्यावर या, प्रत्येक थराचा खालचा बास कापा, एकच ओळ दोनदा वेगळी वाजवून डावी-उजवीकडे टाका. एकदाच वाजवलेलं रेकॉर्डिंग कॉपी करून दोन्हीकडे ठेवला तर रुंदी येत नाही, फक्त आवाज वाढतो.

जुनी एलपी घ्यायचा विचार असेल तर जपून. साडेबासष्ट मिनिटं एकाच तबकडीवर, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटांहून जास्त. वीसेक मिनिटांपर्यंत आवाज भरदार राहतो. त्याहून जास्त झालं की खाचा एकमेकींच्या अगदी जवळ कोराव्या लागतात, म्हणून पातळी आणि बास दोन्ही कमी ठेवावे लागतात. पहिल्या बाजूचं शेवटचं 'आर्मगेडन इट' लेबलच्या जवळ येतं, तिथे सुई चांगली नसेल तर 'स' आणि झांजा फाटतात. दोन तबकड्यांची आवृत्ती मिळाली तर ती घ्या, नाहीतर सीडी.