ग्रंथालयाचा तास आणि ग्रंथालयाचं पान: काय शिकवायचं नाही ते आधी ठरवा

तुम्ही लिहिलंय की महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून नुकत्याच रुजू झालात. पहिल्या वर्षाच्या मुलांना ग्रंथालय वापरायला शिकवायचं आहे, संकेतस्थळही तुमच्याकडेच आलंय, आणि शिक्षणशास्त्रातलं काय दोन्हीकडे उपयोगी पडेल असं तुम्ही विचारता. ही दोन्ही कामं मी बरीच वर्षं केली. माझ्या लेखी ती एकच आहेत. संकेतस्थळाचं पान दुरुस्त करून जे सुटतं ते तासाला शिकवू नका, आणि जे शिकवल्याशिवाय येतच नाही त्याला अख्खा तास द्या.

हे मला उशिरा कळलं. सुरुवातीची काही वर्षं मी पहिल्याच दिवशी सव्वा तास बोलत असे: ड्यूईचे वर्गांक (पुस्तकांना विषयवार दिलेले क्रमांक), ओपॅक (ग्रंथालयाची संगणकावरची पुस्तकसूची), एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या ई-पुस्तकं आणि नियतकालिकांच्या योजनेचं लॉगिन, देवघेवीचे नियम, दंड. मुलं शांत बसायची, त्यामुळे पोचलं असं वाटायचं. आठवड्याभरात तीच मुलं काउंटरवर येऊन तेच विचारायची. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात आकलनभाराचा सिद्धांत मांडला, त्यात याचं कारण सापडतं. नवी माहिती हाताळणारी कार्यस्मृती फार लहान असते. एका वेळी जेमतेम तीन-चार नव्या गोष्टी मावतात. आपल्याला ओपॅक आणि वर्गांक पाठ असतात, त्यांचा भार जाणवत नाही. समोरच्या मुलाला मात्र प्रत्येक शब्द नवा असतो. संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर तीस दुवे ठेवले की तेच होतं.

म्हणून पहिलं काम वहीचं. पंधरा दिवस काउंटरवर येणारा प्रत्येक प्रश्न मुलांच्याच शब्दांत लिहून काढा. 'ओपॅक कुठे आहे' असं कुणी विचारत नाही. 'सर म्हणाले ते पुस्तक आहे का', 'घरून वाचता येईल का', 'जुने पेपर मिळतील का' असं विचारतात. पानावरची बटणं याच शब्दांत हवीत. 'ई-संसाधने' हा शब्द आपल्या अहवालात ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचा धडा मला एका मुलीनं दिला. साताऱ्याच्या इतिहासावरचं पुस्तक हवं होतं. तिनं मोबाइलवर मराठीत शोधलं, एकही नोंद आली नाही, आणि ती निघाली. पुस्तक कपाटात होतं. आमच्या जुन्या नोंदी रोमन लिपीत होत्या, त्याही नोंद करणाऱ्याला सुचलेल्या स्पेलिंगनं. आम्ही नोंदी देवनागरीत केल्या तरी काही शब्द सापडेनात. मग लक्षात आलं की 'साताऱ्या'मधला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो: साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह, किंवा नुक्तावाला ऱ आणि हलन्त. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. हे कुठल्या तासात शिकवणार? शोध-निर्देशांकात (संगणक ज्या यादीत शब्द शोधतो तीत) दोन्ही रूपं एक मानायला लावायची, 'हिंदी' आणि 'हिन्दी'चंही तसंच करायचं. कोहासारखी ग्रंथालयाची संगणक-प्रणाली असेल तर जाणकाराकडून हे काम आधी करून घ्या, रंग आणि बॅनर मागाहून. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांच्या १९३१ च्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं चौथं 'वाचकाचा वेळ वाचवा' आहे. संकेतस्थळाच्या कामात मी त्याच सूत्रावर सगळं तोलते.

स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आणखी एक शोध फार कामाचा आहे: चित्र एकीकडे आणि त्याचं स्पष्टीकरण दुसरीकडे असेल तर डोळे ये-जा करण्यातच शक्ती जाते. लॉगिनच्या सूचना वेगळ्या पीडीएफमध्ये ठेवू नका, लॉगिनच्या चौकटीखालीच दोन ओळी लिहा. वर्गांक कसा वाचायचा हे भित्तिपत्रकावर लिहिण्याऐवजी कपाटाच्या कडेला लावा. 'मराठी साहित्य ८९१.४६' ही पाटी जागेवर असली की अर्धा धडा तिथेच होतो.

आता तासाचं. स्वतंत्र 'ग्रंथालय तास' घेऊ नका. विषयाच्या प्राध्यापकांना भेटा, प्रकल्पाचा विषय द्यायच्या दिवशी वीस मिनिटं मागा. काय हवंय हे मुलांना ठाऊक असतं तेव्हा कान उघडे असतात. एक शोध सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करून दाखवा, चुकलेला शब्द आणि बदललेला शब्द मोठ्यानं बोलत. दुसरा शोध अर्धा करून त्यांच्याकडे सोपवा. तिसरा पूर्ण त्यांचा. ज्यांना आधीच येतं त्यांना पहिली पायरी लावू नका, त्यांना ती जाचते.

पुढच्या आठवड्यात कोऱ्या कागदावर तीन प्रश्न द्या, गुण न देता. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले.

या तासात शिकवायचं ते दोनच: शोधशब्द कसे निवडायचे आणि सापडलेल्यावर विश्वास ठेवायचा की नाही. या दुसऱ्या गोष्टीसाठी मुलांना प्रश्नावल्या देऊ नका, 'पान नीटनेटकं आहे का, लेखकाचं नाव आहे का' वगैरे. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या शिक्षण-संशोधकांनी १० इतिहासकार, १० तथ्य तपासणारे व्यावसायिक आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. बरेच इतिहासकार आणि विद्यार्थी त्या पानावरच रेंगाळले, सुबक मांडणीला भुलले. तथ्य तपासणारे मात्र लगेच नव्या टॅबमध्ये गेले आणि या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते बघून आले. हे दहा मिनिटांत करून दाखवता येतं. आज मुलांना सगळ्यात जास्त गरज याचीच आहे असं मला मनापासून वाटतं. संकेतस्थळ कितीही सुंदर करा, ही सवय ते लावू शकत नाही.

पान झाल्यावर पाच मुलांना एकेक करून बसवा. संकेतस्थळं वापरायला सोपी कशी करावीत याचे अभ्यासक याकोब नील्सन कधीपासून सांगत आले आहेत की पाच जणांतच बहुतेक अडचणी दिसतात. मोबाइल त्यांचाच असू द्या, आपल्या मोठ्या पडद्यावर चाचणी नको. 'सरांनी सांगितलेलं पुस्तक शोधून दाखव' एवढंच म्हणा आणि मग तोंड मिटून बसा. मध्ये बोलायचा मोह फार होतो, मला अजूनही होतो. बोट कुठे थांबतं ते वहीत टिपा, पान बदला, आणखी पाच जणांना बोलवा. अक्षर मोठं आणि ओळींमध्ये अंतर जास्त ठेवा. रोमनच्या मापानं बसवलं की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात.

चाचणीला पुस्तकांत रमणारी मुलं निवडू नका. जो पहिल्यांदा ग्रंथालयात आला आहे आणि दारातच घुटमळतोय, त्याला आधी बसवा.