मीटरचे सील तुटलेले आढळले, तर?

प्रश्न : आमच्या भाडेकरूच्या मीटरचे सील तुटलेले आढळल्याने भरारी पथकाने मीटर काढून नेला व वीज तोडली. सील तुटले म्हणजे चोरी सिद्ध झाली का?

उत्तर : नाही. सीलची तार गंजूनही तुटते. खरा पुरावा मीटरच्या आत असतो. चाचणीत मीटर उघडल्यावर करंट कॉइलच्या (जिच्यातून जाणारी वीज मीटर मोजतो त्या वेटोळ्याच्या) दोन टोकांना डाग दिलेली, वीज बाजूने वळवणारी बारीक तार सापडली, किंवा झाकण उघडल्याची तारीख-वेळ इलेक्ट्रॉनिक मीटरच्या स्मृतीत नोंदलेली निघाली, तर मात्र बाजू लंगडी पडते. कारण वीज कायदा, 2003 च्या कलम 135 नुसार अशी कृत्रिम क्लृप्ती आढळल्यास चोरी गृहीत धरली जाते आणि ती खोडून काढण्याचा भार ग्राहकावर येतो. म्हणून जप्तीच्या यादीची प्रत आधी मागून घ्यावी आणि मीटरची चाचणी आपल्यासमोर व्हावी, असे लेखी कळवावे.

वीज तोडल्यापासून 24 तासांत कंपनीने पोलिसांत तक्रार देणे आणि आकारलेली रक्कम भरल्यावर 48 तासांत पुरवठा जोडणे बंधनकारक आहे. कलम 152 खालील तडजोडीने, म्हणजे ठरलेली रक्कम भरून, फौजदारी कारवाई टळते, परंतु ही सवलत एकदाच मिळते. घरगुती जोडणीवर दुकान चालवणे हा सहसा कलम 126 चा, म्हणजे दुप्पट दराच्या आकारणीचा विषय असतो. पथके कलम 135 ची चोरी आणि कलम 126 या दोहोंची गल्लत करतात, तेव्हा नोटिशीवरील कलम नीट वाचावे.